बॅक वॉल एको, काही नॅनोमीटरवरचा

न कापता, न फोडता धातूच्या आत काय आहे ते ओळखायचं, हे माझं कारखान्यातलं काम. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात फोर्जिंगच्या शॉपमध्ये मी यूटी केली, म्हणजे अल्ट्रासॉनिक टेस्टिंग. क्रँकशाफ्टवर तेल लावायचं, प्रोब टेकवायचा आणि पडद्यावर बॅक वॉल एको, म्हणजे मागच्या भिंतीवरून परतलेला प्रतिध्वनी, कुठे उभा राहतो ते बघायचं. त्याच्या अलीकडे दुसरा एको दिसला की आत तडा आहे किंवा पोकळी. निवृत्तीनंतर या विद्येचा मागोवा घ्यायला लागलो, आणि लेनिनग्राडपासून निघून थेट अ‍ॅमस्टरडॅमला पोहोचलो.

सुरुवात लेनिनग्राडच्या सोकोलोव्ह यांची. धातूतला दोष ध्वनिलहरींनी पकडता येईल, हे त्यांनी १९२८ मध्ये मांडलं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या फायरस्टोन यांनी ध्वनीचा छोटा स्पंद आत सोडून प्रतिध्वनी ऐकणारं यंत्र बनवलं. त्याचं पेटंट १९४२ चं. आमची सगळी फ्लॉ डिटेक्टर यंत्रं त्याच घराण्यातली. घराण्याची मर्यादाही तीच राहिली. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५९०० मीटर धावतो, म्हणजे ४ मेगाहर्ट्‌झच्या प्रोबची तरंगलांबी साधारण दीड मिलिमीटर होते. तिच्या निम्म्याहून लहान दोष सहसा हाती लागत नाही. फोर्जिंगला तेवढं पुरतं. चिपमधले थर मात्र नॅनोमीटरमध्ये मोजतात, आणि तितक्या बारीक लहरी देणारा प्रोब हाताने टेकवता येत नाही.

तितक्या बारीक ध्वनीची वाट उघडली ती अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात. प्रागहून तिथे आलेले यान ताउक पातळ थरांवर लेसरचे अतिशय छोटे स्पंद टाकून, प्रकाशाने उत्तेजित झालेले इलेक्ट्रॉन किती वेळात शांत होतात ते तपासत. आर्सेनिक टेल्युराइडच्या थरावरच्या अशा मोजमापांत आलेखावर लाटा दिसल्या. त्या इलेक्ट्रॉनांच्या नव्हत्या. थरात ध्वनीचा स्पंद मागेपुढे फिरत होता, त्याच्या त्या खुणा. हम्फ्री मॅरिस ध्वनीतले जाणकार, तेही तिथेच होते. १९८४ मध्ये शोधनिबंध निघाला, आणि त्यावर पहिलं नाव होतं क्रिश्चन थॉमसेन या संशोधक विद्यार्थ्याचं. आलेखावरची वळवळ म्हणजे यंत्राचा गोंगाट, असं म्हणून सोडून देणं फार सोपं असतं. पडद्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. त्या मंडळींनी ती वळवळ सोडली नाही. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

कृती अशी. लेसरचा पहिला स्पंद धातूच्या वरच्या काही नॅनोमीटरांत शोषला जातो. तेवढा भाग एकदम तापतो, फुगतो आणि त्या धक्क्याने ध्वनीचा स्पंद आत निघतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये तो एका पिकोसेकंदात सहा-साडेसहा नॅनोमीटर जातो. थर १०० नॅनोमीटरचा असेल तर प्रतिध्वनी ३० पिकोसेकंदांच्या आसपास परततो. तो पृष्ठभागाशी आला की तिथली परावर्तनक्षमता अगदी किंचित बदलते, आणि लेसरचा दुसरा स्पंद तो बदल टिपतो. पाठवणाराही प्रकाश, ऐकणाराही प्रकाश. तेल नाही, प्रोबचा स्पर्श नाही.

इतका छोटा वेळ मोजायचा कसा? दुसऱ्या स्पंदाला लांबची वाट द्यायची. ३० पिकोसेकंदांत प्रकाश ९ मिलिमीटर जातो. जाऊन परत यायचं असल्याने आरसा त्याच्या निम्मा, साडेचार मिलिमीटर मागे सरकवला की काम झालं. फिटरच्या हाताला कळणारं माप आहे हे! पिकोसेकंदाचं घड्याळ एका सरकत्या आरशात बसवलेलं पाहून मला मनापासून आनंद झाला.

नव्वदच्या दशकात ही पद्धत चिपच्या कारखान्यांत शिरली. धातूचा थर अपारदर्शक, त्याची जाडी प्रकाशाने सरळ मोजता येत नाही, ध्वनीने येते. पुढची अडचण आणखी अवघड निघाली. चिपचा प्रत्येक नवा थर खालच्या थरावर काही नॅनोमीटरच्या आत जुळवावा लागतो. त्यासाठी खाली बारीक रेघांची जाळी कोरून ठेवतात. वर अपारदर्शक थर चढला की ती जाळीच दिसेनाशी होते.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०१४ साली नॅनोलिथोग्राफीसाठी, म्हणजे चिपवर इतक्या बारीक रेघा उमटवण्याच्या तंत्रासाठी, खास संस्था उभी राहिली, दोन विद्यापीठं आणि एएसएमएल कंपनी यांच्या भागीदारीत. तिथे पॉल प्लांकेन यांच्या गटातल्या पीएचडी करणाऱ्या मुलांनी हाच प्रश्न घेतला. गाडलेल्या जाळीवरून परतणारा ध्वनी जाळीचाच आकार घेऊन वर येतो आणि क्षणभर पृष्ठभागावर तिची प्रत उमटवतो. त्या प्रतीवरून लेसरचा प्रकाश विवर्तित होऊन बाजूला फाकतो, आणि खाली जाळी आहे हे कळतं. ध्वनिलहरींवरून प्रकाशाचं विवर्तन म्हटलं की मला बंगळुरू आठवतं: सी. व्ही. रामन आणि नागेंद्रनाथ यांनी १९३५-३६ मध्ये याचं गणित मांडलं, ते आजही रामन-नाथ या नावाने शिकवतात.

२०२० मध्ये या गटाने धातूच्या थराखाली १८-१८ नॅनोमीटरचे अनेक काचसदृश थर रचून त्यांच्याही खाली जाळी ठेवली, मेमरी चिपमध्ये असते तशी रचना. प्रतिध्वनी तरीही आला. थर वाढवले म्हणून तो फारसा क्षीण होत नाही, असं त्यांच्या गणितातून निघालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या शोधनिबंधात खडबडीतपणाचा विषय आहे. आम्ही पृष्ठभाग खरखरीत दिसला की आधी ग्राइंडर मागवायचो, कारण खरखरीत जागी प्रोब नीट बसत नाही. इथे खडबडीत पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाश जाळीच्या क्षीण प्रकाशात मिसळतो, आणि दोघांच्या लहरी योग्य कलेत जुळल्या तर तो क्षीण संकेत चक्क वाढतो.