बेडकाचा पाय : तुटला तर उगवतो का, आणि खाता येतो का?

पहिला दमदार पाऊस झाला की शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांत रात्रभर डराव डराव सुरू होतं. त्यातला सर्वांत मोठा म्हणजे इंडियन बुलफ्रॉग. विणीच्या दिवसांत याचा नर पिवळाधमक दिसतो. मुलं टॉर्च घेऊन त्याच्या मागे लागतात आणि घरी येऊन दोन प्रश्न विचारतात.

तुटलेला पाय परत येतो का?
शेपटीवाल्या लहान पिल्लाचा येतो. पिल्लू वाढत जातं तशी ही ताकद कमी होते. मोठ्या बेडकाला पूर्ण पाय पुन्हा येत नाही. 2022 मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स आणि हार्वर्ड विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकन बेडकाच्या तुटलेल्या पायावर पाच औषधं भरलेली टोपी फक्त 24 तास बसवली. पुढच्या 18 महिन्यांत बराचसा पाय वाढला, बेडूक त्याने पोहूही लागला. पण हा प्रयोगशाळेतला प्रयोग आहे. खाचरातला बेडूक जखमी झाला तर जन्मभर लंगडाच राहतो.

खाता येतो का?
फ्रान्समध्ये बेडकाच्या तंगड्या आवडीने खातात. गोव्यात पावसाळ्यात चोरून मिळणाऱ्या या मांसाला ‘जंपिंग चिकन’ म्हणतात. नाव चिकन असलं तरी फसू नका. एका हकीमाने औषधात बेडूक वापरण्याबद्दल विचारलं तेव्हा नबी करीम (सल्ल.) यांनी बेडूक मारायला मनाई केली, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. हनफी मसलकात पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासळी हलाल आहे. आपले कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत, त्यांच्याकडेही बेडूक हराम. मालिकी मसलकात मात्र मुभा आहे.

कायदा काय म्हणतो?
एकेकाळी भारतातून बेडकाच्या तंगड्या परदेशी जात. 1987 मध्ये ही निर्यात बंद झाली. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार बुलफ्रॉग पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे. दंड आणि कैद दोन्ही होऊ शकतात.

शेतकऱ्याचं नुकसान वेगळंच. बेडूक भातावरचे किडे खातो. तो गेला की फवारणीचा खर्च आपल्याच खिशातून. म्हणून मुलांना एवढंच सांगा : टॉर्च मारा, बघा, आवाज ऐका आणि त्याला खाचरातच राहू द्या.