गूगल डॉक्समधील फाइल-व्यवस्थापन

गूगल डॉक्स या ऑनलाइन वर्ड प्रोसेसरमधील फाइली ठेवणे, शोधणे, इतरांशी वाटून घेणे, काढून टाकणे आणि त्यांचे जुने रूप परत मिळवणे यांची व्यवस्था. अपस्टार्टल या छोट्या कंपनीने २००५ मध्ये आणलेला ‘रायटली’ हा डॉक्सचा पूर्वज. मार्च २००६ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली. गूगल ड्राइव्ह २४ एप्रिल २०१२ रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून डॉक्सच्या फाइली तिथेच राहतात.

येथे सेव्ह करावे लागत नाही, त्यामुळे नाव देणे राहून जाते. शीर्षकाच्या चौकटीत क्लिक केल्यास पहिल्या ओळीतले शब्द नाव म्हणून आपोआप बसतात. अर्जांच्या बाबतीत मग ‘प्रति, मा. मुख्याध्यापक’ अशाच नावाच्या फाइली साठत जातात, कारण एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या कितीही फाइली ड्राइव्हला चालतात. नावाच्या आरंभी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख (२०२५-०३-१४) लिहिली, तर नावानुसार लावलेली यादी आपोआप कालक्रमाने लागते. पूर्वी एक फाइल अनेक फोल्डरांत ठेवता येई. सप्टेंबर २०२० अखेरपासून तिला एकच जागा असते, इतरत्र शॉर्टकट ठेवावा लागतो. शॉर्टकट काढल्याने मूळ फाइल जात नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मालकीचा. वाचणे, टिप्पणी करणे आणि संपादन करणे असे तीन अधिकार इतरांना देता येतात, पण मालक एकच. ‘माझ्यासोबत शेअर केलेले’ या यादीत दिसणारी फाइल आपली नसते. तिची जागा मालकाच्या खात्यातून मोजली जाते आणि त्याने ती कायमची काढली की सर्वांकडून जाते. मंडळाचे इतिवृत्त किंवा दिवाळी अंकाचे लेख एखाद्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यात असतील, तर पदाधिकारी बदलताना मालकीही रीतसर बदलून घ्यावी. वैयक्तिक खात्यांत नव्या मालकाने विनंती स्वीकारल्यावरच हे हस्तांतर पूर्ण होते. संस्थेचे सशुल्क खाते असल्यास शेअर्ड ड्राइव्ह अधिक बरे; तिथे फाइलीची मालकी व्यक्तीकडे नसून संस्थेकडे असते.

चुकून पुसलेला मजकूर आवृत्ती-इतिहासातून परत आणता येतो. महत्त्वाच्या टप्प्यावरील आवृत्तीला ‘मुद्रितशोधनापूर्वी’ असे नाव देऊन ठेवल्यास ती चटकन सापडते. फाइलीची प्रत काढली, तर हा इतिहास प्रतीत येत नाही. कचरापेटीतील फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. हा नियम ऑक्टोबर २०२० पासूनचा. त्याआधी ती तिथे हवी तितकी राहत असे. मोफत मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह यांची सामाईक असते. १ जून २०२१ पासून डॉक्सच्या नव्या फाइलीही त्यात मोजल्या जातात.

मराठीपुरती एक अडचण वेगळी आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेला मजकूर डॉक्समध्ये चिटकवला की रोमन अक्षरे व चिन्हांचा गोंधळ दिसतो आणि देवनागरीत शोध घेतल्यास ती फाइल सापडत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घेणे भागच आहे.

दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील फाइलींसह काढून टाकण्याचा अधिकार गूगलने राखून ठेवला आहे. म्हणून जपायच्या लेखनाची वर्ड किंवा पीडीएफ प्रत डाउनलोड करून स्वतःच्या संगणकावरही ठेवावी.