जेरोमच्या घड्याळाचं दार उघडताना

मागच्या वेळी आपण कनेक्टिकटमधल्या लाकडी चाकांच्या घड्याळांपर्यंत आलो होतो. आज पितळी यंत्राचं बघू. 1837 च्या मंदीत तिथला घड्याळधंदा बसला, आणि त्यानंतर चॉन्सी जेरोमने पितळी पत्र्यातून कापलेल्या चाकांचं, तीस तास चालणारं स्वस्त घड्याळ बाजारात आणलं. 1842 मध्ये ते इंग्लंडला गेलं. इतकी कमी किंमत खोटीच असणार असं समजून तिथल्या कस्टमवाल्यांनी कागदावर दाखवलेल्या भावाने सगळा माल स्वतःच घेऊन टाकला. जेरोमला काय, गिऱ्हाईकच मिळालं! त्याने आणखी माल धाडला.

असं एक घड्याळ आपल्यासमोर आलं, तर ते मूळचं किती? पेटी साधी: पाइनच्या लाकडावर महोगनीचा पातळ पापुद्रा, चौकट इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार. दार उघडलं की मागच्या फळीवर चिकटवलेला छापील कागद दिसतो, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. कागदावर जेरोमबरोबर ‘ब्रिस्टल’ असेल तर घड्याळ बहुधा 1845 च्या आगीआधीचं, ‘न्यू हेवन’ असेल तर त्या सुमाराचं किंवा नंतरचं. इथवर ठीक. पण कागद पेटीबद्दल बोलतो, यंत्राबद्दल नाही. शिवाय 1850 च्या दशकाच्या मध्यात जेरोमचं दिवाळं निघालं, तरी त्याचं नाव मात्र पुढे धंद्यात चालतच राहिलं.

म्हणून आम्ही आधी भोकं बघतो. तबकडी काढायची आणि यंत्र बसतं त्या जागी बुजवलेली, बिनकामाची भोकं आहेत का ते पाहायचं. असतील तर यंत्र दुसरीकडून आलेलं. अशा घड्याळाला संग्राहक ‘लग्न लावलेलं’ म्हणतात. नुसतं यंत्रावरचं नाव वेगळं निघालं म्हणून लगेच निकाल देऊ नये. हे कारखानदार एकमेकांकडून यंत्रं विकत घेत.

दोऱ्या बदललेल्या, काटे नवे, खालची चित्राची काच फुटून दुसरी बसवलेली, हे चालायचंच; घड्याळ वापरात होतं. आमचा राग आहे तो जुना कागद खरवडून तिथे नवी छापील प्रत लावणाऱ्यांवर. पॉलिशही तसंच. पापुद्र्यावरचा जुना काळपट थर घासून काढला की तो परत येत नाही.

आणि हो, पेटी हलवण्याआधी दोन्ही वजनं आणि लंबक उतरवून ठेवा.