एका ‘गिफ्ट’चे तीन अर्थ

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवत असल्याने एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उर्दूत ‘राज़ीनामा’ म्हणजे समेटाचा, तडजोडीचा कागद; मराठीत ‘राजीनामा’ म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. मराठीत शिकस्त करणे म्हणजे जिवापाड प्रयत्न करणे. मुले विचारतात, “सर, शब्द कुणी बिघडवला?” याचे उत्तर मला युरोपातल्या एका शब्दात सापडते. तो शब्द म्हणजे ‘गिफ्ट’.

इंग्रजीत गिफ्ट म्हणजे भेट, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण जर्मनीत एखाद्या बाटलीवर हीच चार अक्षरे दिसली तर हात लावू नये, कारण जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष! स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत तर याच अक्षरांचे दोन अर्थ आहेत: एक विष आणि दुसरा विवाहित. डच लोकांनी मात्र वाटणी केली. त्यांच्याकडे ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी आणि शेवटचा ‘ट’ गाळून ‘गिफ’ म्हणजे विष.

हे सगळे शब्द एकाच घरातले आहेत. या भाषांच्या जुन्या पूर्वज भाषेत ‘देणे’ या क्रियापदापासून हे नाम झाले. त्याचा मूळ अर्थ एवढाच: दिलेली गोष्ट. काय दिले, कुणाला दिले, हे त्यात नव्हते. ते प्रत्येक समाजाने भरले.

लग्नात देणेघेणे आलेच. जुन्या इंग्रजीत हा शब्द वधूसाठी मोजलेल्या मोलाला वापरत, आणि त्याचे अनेकवचन म्हणजे लग्न. तेव्हा त्याचा उच्चार ‘यिफ्ट’च्या जवळचा होता. 9व्या शतकापासून व्हायकिंग लोक इंग्लंडमध्ये वस्तीला आले आणि त्यांच्या नॉर्स भाषेचा प्रभाव पडला. आजच्या इंग्रजीतला ‘ग’चा उच्चार त्या नॉर्स रूपातून आला. लग्नाचा अर्थ इंग्रजीतून गेला, उत्तरेकडे मात्र टिकला.

विषाची वाट वेगळी, ती दवाखान्यातून जाते. ग्रीक भाषेत ‘दोसिस’ म्हणजे देणे. आपल्या ‘दान’मधला ‘दा’ धातू आणि हा ग्रीक शब्द एकाच मुळाचे. वैद्याने रोग्याला एका वेळी जेवढे औषध द्यायचे ते दोसिस, म्हणजेच आपला ‘डोस’. हा शब्द लॅटिनमध्ये गेला. जर्मन भाषकांनी त्याचा शब्दशः अनुवाद केला: ‘दिलेले’, म्हणजे गिफ्ट. पुढे जिवावर उठलेल्या डोसालाही तेच सौम्य नाव मिळाले आणि हळूहळू तोच मुख्य अर्थ झाला. इंग्रजीतल्या ‘पॉयझन’चेही असेच झाले, त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ फक्त ‘पेय’ आहे. 16व्या शतकातला वैद्य पॅरासेल्सस (1493–1541) याने तर सांगून ठेवले की एखादी वस्तू विष आहे की नाही, हे तिची मात्राच ठरवते.

जर्मनने जुना अर्थ पूर्ण टाकलेला नाही. ‘मिटगिफ्ट’ हा शब्द तिथे आजही आहे. ‘मिट’ म्हणजे सोबत. मुलीसोबत दिलेले, म्हणजे हुंडा. एकटे गिफ्ट विष, पण मिटगिफ्टमध्ये अजूनही देणेच आहे.

तेव्हा मुलांना माझे उत्तर असे: शब्द कुणी बिघडवला नाही. शेजाऱ्यांनी एकाच शब्दाचे वेगवेगळे तुकडे जपले. दुसऱ्याच्या तोंडचा शब्द आपल्या कोशातून जोखू नये.

आता ‘गिफ्ट’ हा शब्द मराठीतही रुळला आहे. 1961च्या कायद्याने हुंडा देणे-घेणे गुन्हा ठरला, पण मागणी न करता, रीतीप्रमाणे दिलेल्या आणि यादी करून ठेवलेल्या भेटींना त्यात सूट आहे. म्हणून मराठीतला हुंडा असो की उर्दूतला जहेज, लग्नाच्या मांडवात त्याचे नाव आता गिफ्ट झाले आहे. गाडी गिफ्ट, फर्निचर गिफ्ट, सोने गिफ्ट. भेट, लग्न आणि विष हे तीन अर्थ युरोपात वेगवेगळ्या भाषांनी वाटून घेतले. आपण मात्र ते तिन्ही एकाच मांडवात आणले आहेत.