पायली आणि वजन : कुहीच्या हवेची घनता व एककांची सुसंगती

नागपूरच्या आग्नेयेस असलेला कुही तालुका मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास आंभोऱ्याच्या मुकुंदराज-परंपरेमुळे परिचित आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र अगदी व्यावहारिक आहे. विहिरीवर पाणी उपसणारे तेलाचे इंजिन तासास किती हवा घेते, आणि ती मोजताना गणितात गोंधळ का होतो, हा तो प्रश्न होय.

नागपूर प्रांतात पूर्वी धान्य पायलीने, म्हणजे आकारमानाने, मोजले जाई. पायलीभर धान आणि पायलीभर तांदूळ यांचे वजन सारखे भरत नाही, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नसे. इंजिनाचा सिलिंडर ही अशीच एक पायली आहे. तो दर खेपेस ठराविक आकारमानाची हवा घेतो. परंतु ज्वलनाचा हिशेब वजनाचा असतो. एक किलोग्रॅम डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे १४.५ किलोग्रॅम हवा लागते. आकारमान व वजन यांना जोडणारी राशी म्हणजे घनता.

या राशीचे गणित युरोपात सुमारे दोन शतकांत सिद्ध झाले. टॉरिचेलीने १६४३ च्या सुमारास वायुभारमापक घडविला. १६६२ साली बॉइलने दाब व आकारमान यांचा संबंध मांडला, १८०२ साली गे-ल्युसॅकने तापमानाचा परिणाम प्रसिद्ध केला, आणि १८३४ साली क्लापेरॉनने हे दोन्ही नियम एकत्र आणले. त्यावरून असे सूत्र मिळते : दाबास वायुस्थिरांक व निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराने भागले असता घनता येते. नियम सर्वत्र एकच. स्थिरांकाचा आकडा मात्र एककांप्रमाणे बदलतो. साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

आपल्याकडे यंत्रविद्या ब्रिटिश अमदानीत आली ती फूट, पौंड व फॅरनहाइट यांसह. कुहीवरून जाणारा नागपूर-नागभीड लोहमार्ग १९०८ साली सुरू झाला तोही अडीच फुटी. (रुंदीकरणासाठी तो २०१९ साली बंद करण्यात आला.) पुढे १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने लागू झाली. तथापि त्या काळच्या तांत्रिक ग्रंथांत किलोग्रॅम हे वस्तुमानाचे तसेच बलाचेही एकक म्हणून वापरले जाई. आंतरराष्ट्रीय एकक-पद्धती १९६० साली निश्चित झाली व भारतीय कायद्यात तिला १९७६ साली स्थान मिळाले. अशा रीतीने एका पिढीच्या अभियंत्यांस तीन पद्धतींत विचार करावा लागला.

कुहीचे उदाहरण घेऊ. समुद्रसपाटीपासूनची उंची लक्षात घेऊन हवेचा दाब ९७,७०० पास्कल, मे महिन्यातील तापमान ४५ अंश सेल्सिअस व हवा कोरडी धरू. निरपेक्ष तापमान ३१८.१५ केल्व्हिन होते. वायुस्थिरांक २८७ घेतल्यास घनता दर घनमीटरास १.०७ किलोग्रॅम येते. हाच दाब दर चौरस इंचास १४.१७ पौंड होय. त्यास १४४ ने गुणून चौरस फुटांवर आणले, ११३ अंश फॅरनहाइटचे ५७२.६७ अंश रँकिन केले व स्थिरांक ५३.३५ घेतला, तर घनफुटास ०.०६६८ पौंड मिळतात. ही तीच घनता आहे. किलोग्रॅम-बलाच्या पद्धतीत स्थिरांक २९.२७ असून दाब चौरस मीटरास ९,९६३ घ्यावा लागतो. उत्तर पुन्हा १.०७ येते.

आता चुका पाहू. १४४ चा गुणक विसरल्यास घनता १४४ पट कमी येते. ३१८.१५ ऐवजी ४५ घातल्यास ती सातपट फुगते. उघड्या हवेत दाबमापी शून्य दाखवितो. तोच आकडा सूत्रात घातल्यास हवाच नाहीशी होते! या चुका निदान ठळक आहेत. धोका असतो तो पटण्याजोग्या दिसणाऱ्या चुकांचा.

इंजिनाचा व्यास ८० मिलिमीटर, धाव ११० मिलिमीटर व वेग मिनिटास १,५०० फेरे धरू. चार-धावी यंत्र दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेते. म्हणून सेकंदास १२.५ खेपा होतात. सिलिंडरचे आकारमान ०.०००५५३ घनमीटर आहे. तो प्रत्यक्षात ८५ टक्केच भरतो असे मानल्यास तासास सुमारे २२.६ किलोग्रॅम हवा आत जाते. हिवाळ्यातील १२ अंशांच्या पहाटे, दाब तोच धरला तर, घनता १.१९ होते व हवा २५.३ किलोग्रॅम भरते. पायली तीच, वजन मात्र सुमारे १२ टक्के अधिक. वस्तुतः उन्हाळ्यात दाबही थोडा उतरतो, त्यामुळे हे अंतर किंचित वाढते. पूर्ण भारावर इंधनाचे प्रमाण थंडीच्या हवेस जुळवून ठेवले, तर उन्हाळ्यात तेच इंजिन काळा धूर ओकू लागते व डिझेल वाया जाते.

घनतेचे एकक चुकल्याची किंमत जगाने पाहिली आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातील एका बोइंग ७६७ विमानाचे इंधन आकाशातच संपले. लिटरांचे वजन करताना ०.८ किलोग्रॅमऐवजी १.७७ पौंड हा जुना आकडा वापरला गेला आणि उत्तर किलोग्रॅम समजले गेले. आवश्यकतेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान निघाले होते. वैमानिकांच्या कौशल्याने ते गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरले व प्रवासी बचावले.

तो आकडा स्वतः खोटा नव्हता. तो दुसऱ्या पद्धतीचा होता. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे एकक लिहावे, व आकड्यांप्रमाणे एककांचाही गुणाकार-भागाकार करावा. शेवटी किलोग्रॅमच्या जागी दुसरेच काही उरले, तर गणित तेथेच थांबवावे. पायलीने मोजलेले वजनाने विकताना आपले पूर्वज जी सावधगिरी बाळगीत, तिचाच हा शास्त्रीय अवतार होय.