प्रमाण कुत्रा : कारवान, मुधोळ आणि प्रदर्शनाचे रिंगण

मराठीत 'जातिवंत' हे विशेषण आपण घोड्याला लावतो, कुत्र्याला लावतो आणि रसिकालाही लावतो. रसिकाचे सोडा, पण कुत्र्याची जात ही तरी निसर्गदत्त असणार, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. लिखित वर्णन, वंशावळीची नोंदवही आणि परीक्षकाचा निवाडा या तिन्हींतून सिद्ध होणारी 'जात' दीडशे-पावणेदोनशे वर्षांपलीकडे जात नाही.

१८५९ च्या जूनमध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे पॉइंटर आणि सेटर या दोनच प्रकारच्या कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. आधुनिक श्वानप्रदर्शनांचा आरंभ येथून मानतात. (बक्षीस बंदुकीचे होते, आणि दोन्ही गटांतली बक्षिसे एकमेकांच्या गटात परीक्षक असणाऱ्यांच्याच कुत्र्यांना मिळाली. साहित्य-पुरस्कारांच्या अभ्यासकांना हे अपरिचित वाटू नये.) १८७३ मध्ये लंडनचा केनेल क्लब स्थापन झाला. कोणते कान 'शुद्ध', कोणते शेपूट 'अशुद्ध' हे यापुढे कागदावर ठरू लागले. मोल्सवर्थच्या कोशाची कँडीच्या साहाय्याने सिद्ध झालेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, हा काळाचा योग आम्हाला केवळ योगायोग वाटत नाही. प्रमाणभाषा आणि प्रमाण कुत्रा ही एकाच शतकाच्या एकाच वृत्तीची अपत्ये आहेत. भारतात केनेल क्लब ऑफ इंडियाची स्थापना १८९६ ची मानली जाते.

या चौकटीत आपल्याकडचा कारवान कसा बसवला गेला, हे पाहण्याजोगे आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि लगतच्या कर्नाटकातला हा सडपातळ, लांब तोंडाचा, नजरेने शिकार हेरून धावणारा कुत्रा. तो व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम व मध्य आशियातून आला अशी परंपरा आहे, आणि 'कारवान' हे नाव तिचीच साक्ष देते. कानाशेपटीवर लांब केस असतील तर त्याला 'पश्मी' म्हणतात. 'पश्म' म्हणजे फारसीत लोकर. नावांत इतिहास होता, पण नोंदवही नव्हती.

या कुत्र्याला राजाश्रय दिला मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी. (१६४८ मध्ये शहाजीराजांना कैद करण्यात पुढे असलेल्या बाजी घोरपड्यांचे हे घराणे, आणि गाव कन्नड महाकवी रन्नाचे.) मालोजीरावांनी एक जोडी पंचम जॉर्ज राजाला भेट दिली, त्याने त्यांना 'मुधोळचे हाउंड' म्हटले, असे सर्वत्र सांगितले जाते. भेटीची निरनिराळी साले छापली जातात. जॉर्ज १९१० मध्ये गादीवर आला आणि जानेवारी १९३६ मध्ये वारला, एवढी मर्यादा लक्षात ठेवलेली बरी. कुत्रे तेच राहिले. तांड्याच्या नावाऐवजी संस्थानाचे नाव मात्र मिळाले.

आता रिंगणाकडे वळू. प्रदर्शनात हँडलर कुत्र्याला चारही पाय ठरावीक रीतीने रोवून, मान उंच ठेवून उभे करतो. परीक्षक ओठ उचलून दात पाहतो, पाठीवरून, फऱ्यांवरून हात फिरवतो, नराचे वृषण चाचपतो. मग दुडक्या चालीने फेरी मारवून चाल पाहिली जाते. कारवानला परक्याचा स्पर्श मुळातच सोसत नाही. अलिप्तपणा हा त्याचा स्वभावधर्म आहे. म्हणून त्याची तयारी अंगावरचे केस विंचरण्यात नसते. ते आखूडच असतात. खरी तयारी पिल्लूपणापासून अनोळखी हातांची सवय लावण्यात असते. म्हणजे प्रमाणात बसण्यासाठी आधी स्वभाव मोडायचा! शिवाय अंगावर दिसणाऱ्या बरगड्या. लॅब्रॅडॉर पाहून तयार झालेल्या डोळ्याला त्या उपासमारीच्या वाटतात. जाणकाराला त्या धावण्याच्या वाटतात. आमच्या मीरा-भाईंदरच्या गृहसंकुलांतून संध्याकाळी जी कुत्री फिरायला निघतात, त्यांवरून आपली नजर कशावर पोसली आहे हे सहज कळते.

गावात या कुत्र्याची परीक्षा माळावर, सशामागे होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली, आणि ती योग्यच होती. पण त्यामुळे काम हा निकष कायद्याच्या कक्षेबाहेर गेला आणि रूप हाच एक निकष अधिकृतपणे उरला. १९६३ मध्ये डब्ल्यू. व्ही. सोमणांचे भारतीय कुत्र्यांवरील इंग्रजी पुस्तक मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढले. मराठीत या विषयाकडे अभ्यासक फारसे वळले नाहीत.

नावाचा वाद मात्र मिटलेला नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया याला 'कॅरव्हान हाउंड' म्हणून नोंदवते, इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणून. २००५ मध्ये टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांतल्या एकावर मुधोळ हेच नाव आले. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये उच्चारले तेही हेच. मुधोळ १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, आज ते कर्नाटकात आहे. सीमेच्या अलीकडचा पाळणारा अजूनही 'कारवान' म्हणतो, आणि त्याच्या कुत्र्याला बहुधा कसलीही वंशावळ नसते.