थॉर (महानायक)

नॉर्स पुराणकथांतील मेघगर्जनेच्या देवावरून घडवलेला मार्व्हल कॉमिक्समधील महानायक. स्टॅन ली, लॅरी लीबर व जॅक कर्बी यांनी तो ऑगस्ट 1962 च्या ‘जर्नी इंटू मिस्टरी’ अंक 83 मध्ये प्रथम आणला. पुराणकथांतला थॉर तांबड्या दाढीचा, खादाड व शीघ्रकोपी. चित्रकथेतला सोनेरी केसांचा, शूर पण गर्विष्ठ. हा गर्व उतरवण्यासाठी पिता ओडिन (पहा : ओडिन) त्याची स्मृती काढून घेतो व डोनाल्ड ब्लेक या लंगड्या डॉक्टरच्या रूपात त्याला पृथ्वीवर धाडतो. ब्लेकने काठी आपटताच तिचा म्योल्निर हा हातोडा होतो. लायक व्यक्तीलाच तो उचलता येतो. त्यामुळे बळापेक्षा विनय हाच या व्यक्तिरेखेचा खरा कस ठरतो. दत्तक भाऊ लोकी (पहा : लोकी) हा त्याचा मुख्य शत्रू. 2014 मध्ये थॉर अपात्र ठरल्यावर हातोडा त्याची पूर्वीची प्रेयसी जेन फॉस्टर हिच्याकडे गेला.